टाकाऊतून टिकाऊ, पण विषाचा डबा नको



शेतकऱ्याच्या घरातून सहसा काही फेकले जात नाही. फाटक्या लुगड्यांची गोधडी होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गळका पाइप बांधला जातो. फुटक्या पाइपाचा तुकडा तिफणीला सरता म्हणून बसतो. युरियाची पोती उसवून एकमेकांना शिवली की कापसाच्या गंजीवर टाकायला पाल तयार होते. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा कुड, त्याला शेणामातीचा गिलावा आणि वर मातीचे माळवद, एवढ्यावर परभणी जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांनी संसार केले. जिंतूरपासून पालमपर्यंत कोणत्याही गावात जा, घरोघरी एक अडगळीचा कोपरा असतो आणि त्या कोपऱ्यातून काहीतरी घडत असते.

शहरातली माणसे हे पाहून कौतुक करतात. त्यांना ही कल्पकता वाटते. आम्हालाही शेतकऱ्याच्या हातातल्या कारागिरीचा अभिमान आहे. पण ही हौस नाही हेही सांगितले पाहिजे. कापूस विकून दुकानदाराची उधारी आणि सोसायटीचा हप्ता दिला की हातात जे राहते, त्यात पाण्याचा नवा कॅन, धान्याची नवी कोठी बसत नाही. म्हणून जे समोर पडले असेल ते उचलायचे. याच सवयीतून एक वस्तू आपल्या घरात आली आहे, ती घरातून बाहेर काढावी एवढ्यासाठी आज हे लिहितो आहोत. ती वस्तू म्हणजे फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा.

औषध हा शब्दच मुळात घातकी आहे. जे आपण कपाशीवर मारतो ते विष आहे. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे अनेकांना वाटते. तसे नाही. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, एवढेच.

आता हा डबा संपल्यावर कुठे जातो ते पाहा. धुऊन त्यात डिझेल किंवा रॉकेल ठेवतात. पहाटे टमरेल म्हणून नेतात. कापून शेळीला पाणी पाजायला ठेवतात. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पाच लिटरच्या कॅनला ओले पोते गुंडाळून पिण्याचे पाणी नेतात. झाकण मुलांच्या खेळण्यात जाते. जे उरते ते भंगारवाला नेतो, आणि पुढे त्याचे काय होते हे कोणीच विचारत नाही.

'आम्ही राखेने चारदा घासून धुतो,' असे बाया सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. पण बरीचशी कीटकनाशके द्रावकात विरघळवलेली असतात. ते द्रावक प्लास्टिकच्या अंगात मुरते. धुण्याने वरचे निघते, आत मुरलेले तसेच राहते. पुढे त्यात पाणी, तेल किंवा ताक भरले की ते हळूहळू उतरते. तेलात आणि उन्हात तापलेल्या पाण्यात लवकर उतरते. वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे.

16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मेली. ज्या तेलात भाजी केली होती त्यात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे नाव कपाशीवाल्याला सांगावे लागत नाही. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. 2017 च्या हंगामात आपल्या शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती बातमी झाली. डब्यातून रोज थोडे थोडे पोटात जाणाऱ्या विषाची बातमी होत नाही. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात, आणि आपण म्हणतो ऊन लागले.

आपल्या वाडवडिलांच्या घरच्या वस्तूही धोक्याच्या नव्हत्या असे नाही. पेवात ज्वारी ठेवायची तर आत कोंडलेली हवा माणसाला मारू शकते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पेव उघडले की ते काही वेळ मोकळे ठेवत आणि आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. औषधाच्या डब्यासाठी असा कंदील आपल्याकडे नाही. म्हणून नियम एकच ठेवावा लागेल: ज्या डब्यात विष होते तो डबा परत घरात येणार नाही. ना पाण्यासाठी, ना तेलासाठी, ना जनावरासाठी.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या 200 लिटरच्या निळ्या ड्रमचेही असेच आहे. अशा ड्रममध्ये दीड क्विंटलच्या आसपास ज्वारी मावते, उंदीर लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण आधी त्यात काय होते ते विचारा. खाद्यतेल, काकवी, लोणचे असे खाण्याचे काही होते अशी खात्री असेल तरच घ्या. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर त्यात धान्य किंवा पाणी भरू नका. धान्यासाठी पत्र्याची कोठी, नाहीतर लिंपलेली कणगी बरी. ज्वारी मात्र कडक वाळवून, दाताखाली कट्कन फुटेल अशी झाल्यावरच भरा.

मग टाकाऊतून काय करावे? करण्यासारखे पुष्कळ आहे. पाण्याची किंवा थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या. वरच्या अर्ध्या भागात समोरासमोर दोन-तीन खिडक्या कापा. झाकणाला भोक पाडून तारेने बोंडअळीच्या पतंगाचे आमिष, म्हणजे कामगंध गोळी, आत लोंबती सोडा. तळाशी साबणाचे पाणी ठेवा. पेरणीनंतर दीड महिन्याने एकराला दोन सापळे, पिकाच्या वर फूटभर, तुराटीच्या जुडीला बांधा. विकत घ्यायची ती फक्त गोळी. एका सापळ्यात रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले तर गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करण्याची वेळ आली असे समजा. त्याआधी दुकानदार काय म्हणतो याला किंमत नाही.

गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून सरळ करा, पिवळा रंग लावा, वर एरंडेल किंवा ग्रीस चोपडा. पांढरी माशी त्याला चिकटते. आठवड्याने पुसून पुन्हा चोपडा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, जुन्या लुगड्यातून गाळा, थोडा साबणाचा चुरा घालून शंभर लिटर करा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. सापळा पाहून फवारणी केली तर एखाद-दुसरी फवारणी वाचते. पैसे वाचतात आणि घरी येणारे विषाचे डबेही कमी होतात.

जो डबा येईल त्याचे काय? रिकामा झाला की तिथेच, शेतात, पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असे तीनदा करा. मग खिळ्याने तळाला भोके पाडा, म्हणजे तो कोणाच्या कामाचा राहणार नाही. विहीर, नाला आणि गोठ्यापासून लांब, पोत्यात बांधून ठेवा. जाळू नका, तो धूरही विषारीच.

आता कोणी म्हणेल, हा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा प्रश्न आहे. आम्हाला हे मान्य नाही. कीटकनाशक नियम 1971 मधला 44 वा नियम सांगतो की रिकामे डबे पुन्हा वापरात येतील असे बाहेर पडू देऊ नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. ही जबाबदारी वापरणाऱ्याबरोबर उत्पादकाचीही आहे, हे त्याच नियमात लिहिले आहे. शिवाय जे आज जमिनीत पुराल ते उद्या विहिरीत उतरणार नाही याची हमी कोण देणार?

ब्राझीलने 2000 साली कायदा केला. शेतकऱ्याने धुतलेला डबा परत द्यायचा आणि कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने त्याची विल्हेवाट लावायची. 2002 पासून हे काम सुरू आहे आणि तिथे प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक परत येतात. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा शहाणा आहे असे नाही. तिथे डबा परत घेणारा कोणी आहे, इथे नाही. विष विकताना कंपनीचा माणूस गावात येतो, भिंती रंगवतो, टोप्या वाटतो. रिकामा डबा न्यायला मात्र तो कधी येत नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा: ज्या दुकानात कीटकनाशक विकले जाते त्या दुकानात रिकामा डबा परत घेतला गेला पाहिजे, त्याचे ठरलेले पैसे शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, आणि हा खर्च कंपनीचा असला पाहिजे. डब्याला किंमत मिळाली तर तो कोणी पाण्याला वापरणार नाही. कृषी खात्याने तालुक्याला निदान एक गोळा करण्याची जागा करावी.

ठराव होईल तेव्हा होईल, अंमलबजावणीसाठी भांडावेही लागेल. तोवर आजच्या आज करता येण्यासारखे काम आपल्या हातात आहे. बैठकीहून घरी गेल्यावर गोठा, परसू, न्हाणी आणि शेतातले आखाड एकदा फिरून पाहा. औषधाचा जो डबा दिसेल त्याच्या तळाला खिळा ठोका. पाणी न्यायला मडके आहे, तांब्या आहे, गोड्या तेलाचा धुतलेला कॅन आहे. त्यांनी काम भागते.