नोहाचं तारू आणि दुधनीचं पाणी

कुणाच्याही घरी गेले की मी आधी लहान मुलांच्या वह्या मागते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. परवा रविवारी दुधनीला एका ओळखीच्या वारली घरी गेले होते. धाकटी यंदा पहिलीत आहे. शाळा मिशनची, माध्यम इंग्रजी. तिची वही चाळली आणि तेव्हापासून जीव अस्वस्थ आहे.

सोमवारी प्रभूची प्रार्थना, मंगळवारी अक्षरं, बुधवारी आकडे, गुरुवारी बायबलमधली नोहाच्या तारवाची गोष्ट, शुक्रवारी तोंडी परीक्षा. सगळं इंग्रजीत. पोरीने प्रार्थना एका दमात म्हणून दाखवली, कुठेही अडखळली नाही. "देवाकडे काय मागितलंस गं?" म्हटलं, तर मान खाली. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. भाकर म्हणजे काय हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण आपण तीच मागतोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तारवाचं चित्र मात्र तिने मन लावून रंगवलं होतं. गोष्ट विचारली तर "बोट" एवढंच म्हणाली. आता दुधनी कुठे आहे ते आठवा. सिल्वासाहून खानवेलमार्गे जायचं, दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचं पाणी जिथे डोंगरांच्या कुशीत शिरलंय तिथे. पर्यटक त्या पाण्यात होडीत बसून फोटो काढतात. त्याच पाण्याखाली माणसांची घरं गेली, शेतं गेली. या मुलीच्या आजीने ते पाणी चढताना पाहिलंय. प्रलयाची गोष्ट समजायला याहून जवळची जागा कुठली असेल?

मी ती गोष्ट आजीला मराठीत सांगितली आणि आजीने नातीला वारलीत. मग पोर थांबेना. कोंबड्या कुठे ठेवल्या? बैल होडीत चढला कसा? आणि पाणी ओसरल्यावर नोहाला त्याचं शेत सापडलं का? शुक्रवारच्या तोंडी परीक्षेत असे प्रश्न विचारायची सोय नाही.

मला राग येतो तो यासाठी की, हे ख्रिस्ती परंपरेलाही धरून नाही. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. जन्माने इंग्रज असूनही त्यांनी लोकांवर इंग्रजी लादली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, कीर्तनात आणलं. आणि लांब कशाला, इथून जवळच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांची शाळा मुलांच्या अंगणात नेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणात शाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, हे त्यांनी करून दाखवलं.

आईबापांना इंग्रजी हवी आहे आणि त्यांचं चुकत नाही. सिल्वासाच्या कारखान्यांत वरच्या नोकऱ्या कुणाला मिळतात, हे ते रोज पाहतात. इंग्रजी शिकवाच, चांगली शिकवा. पण पहिलीचं पोर घरून जी भाषा घेऊन येतं ती शाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावू नका. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा, असंच सांगतं.

दादरा नगर हवेलीतल्या मिशन शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिलीच्या वर्गावर वारली, कोकणा जाणणारी एक बाई नेमा. रोज एक तास पुरे. प्रार्थना आणि गोष्ट आधी तिच्या तोंडून होऊ द्या, मग इंग्रजीत घ्या. अशा शिकलेल्या मुली खानवेलच्या परिसरात आहेत आणि त्या काम शोधत आहेत.