पडद्याने उन्हाशी भांडू नये

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलात, तर होड्यांच्या आडोशाला साचलेल्या संथ पाण्याकडे जरा निरखून पाहा. सांडलेल्या डिझेलचा पातळ तवंग त्यावर पसरलेला असतो आणि त्यात निळे, तांबडे, हिरवे पट्टे चमकतात. हे रंग ना डिझेलचे, ना पाण्याचे. मग ते आले कोठून? तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. काही रंगांच्या लहरी एकमेकींना बळ देतात, तर काही एकमेकींना मारतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. तवंगाची जाडी बदलली की रंगही बदलतो.

आता त्याच बंदरावर भर दुपारी मोबाइल काढा. पडद्यावरचे काही धड दिसत नाही. पडद्याचा प्रकाश वाढवावा, तर बॅटरी भराभर उतरते. सूर्यापुढे दिवा लावून जिंकण्याची ही धडपड आहे. माझ्या मते ती मुळातच चुकीची आहे. छापील वर्तमानपत्र उन्हात अधिकच स्पष्ट दिसते, कारण ते सूर्याचाच प्रकाश आपल्याकडे परत पाठवते. मग पडद्यानेही तसेच का करू नये?

असा रंगीत पडदा शक्य आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील हरीश भास्करन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची रीत मांडली. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा अवघा 7 नॅनोमीटर जाडीचा थर त्यांनी दोन पारदर्शक, विद्युतवाहक थरांमध्ये ठेवला आणि खाली धातूचा आरसा दिला.

या संयुगाची खुबी समजण्यासाठी खडीसाखर आणि लिमलेटची गोळी आठवा. मूळ साखरच; पण खडीसाखरेत तिचे रेणू शिस्तीने रांगेत बसलेले असतात, तर गोळीत काचेसारखे अस्ताव्यस्त. या संयुगालाही अशाच दोन अवस्था आहेत : स्फटिकी आणि अस्फटिकी. विजेच्या स्पंदाने ते तापवून झटकन निवू दिले की अस्फटिकी होते. बेताने तापवले की स्फटिकी. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडींमध्ये याच जातीचे पदार्थ वापरले गेले. अवस्था बदलली की थराचा वक्रीभवनांक बदलतो. म्हणजे जाडी तीच राहूनही जणू तवंग बदलतो आणि रंग पालटतो!

त्या संशोधकांनी काढलेल्या चित्रांतील एकेक ठिपका 300 नॅनोमीटर रुंदीचा होता. केसाच्या जाडीत असे अडीचशेहून अधिक ठिपके मावतील! डोळ्यांजवळच्या चष्म्यात बसवायच्या पडद्याला या बारकाव्याचा उपयोग आहे. भिंतीवरच्या फलकाला तो नको. आपल्याला मोलाची वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. एकदा उमटलेला रंग टिकवण्यास वीज लागत नाही. ती लागते फक्त रंग बदलताना. एस.टी. स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक असा असेल, तर दिवसभर तो उन्हाच्याच जोरावर वाचता येईल.

याला मर्यादाही आहेत. अंधारात अशा पडद्याला बाहेरून दिवा लागेल. परतलेल्या प्रकाशाचे रंग स्वयंप्रकाशी पडद्याइतके झगझगीत नसतात. लक्षावधी ठिपक्यांना वेगवेगळी वीज पोहोचवणे हेही सोपे नाही. तरीही पडद्याची थोरवी केवळ झगमगाटावर ठरवू नये. स्थिर चित्र दाखवताना तो किती वीज खातो, हेही विचारले पाहिजे. लख्ख उन्हाच्या आपल्या देशात तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

शिक्षकांना एक विनंती. व्यतिकरणाची केवळ व्याख्या पाठ करून घेऊ नका. बशीतील पाण्यात काळा कागद बुडवून ठेवा, पाण्यावर पारदर्शक नखरंगाचा एक थेंब सोडा आणि तो पसरला की कागद अलगद वर उचला. वाळल्यावर कागदावर इंद्रधनुष्याचे रंग राहतात. शाई नाही, वीज नाही, दिवा नाही! तो कागद मुलांच्या हाती द्या आणि त्यांना सरळ उन्हात पाठवा.