बालाघाटच्या वाचनालयांना कायद्याचा आधार हवा

संपादक महोदय,

बालाघाट आणि भंडारा हे शेजारी जिल्हे ऑक्टोबर 1956 पर्यंत एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत भंडारा विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्रात आला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. इथल्या वारासिवनी, कटंगी, लांजीकडची सोयरीक आणि बाजारहाट आजही सीमेपलीकडे चालते. वाचनालयांच्या बाबतीत मात्र बाघ नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे न्याय आहेत.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. त्यामुळे पलीकडच्या गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातली संस्थासुद्धा पुस्तके, सभासद आणि हिशेब दाखवून शासनाची मान्यता मागू शकते. मान्यता मिळाली की तिला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग मिळतो आणि त्या वर्गाचे अनुदान ती नियमावर बोट ठेवून मागते. मध्य प्रदेशात असा कायदाच नाही. इथल्या वाचनालयाने अर्ज करायचा आणि कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीची वाट पाहायची. 2000 साली आपल्यातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगडनेही ग्रंथालय कायदा केला. ग्रंथालये हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, तेव्हा यात दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदतसुद्धा राज्याच्या समितीमार्फत येते, आणि प्रतिष्ठानच्या काही योजनांत राज्याला आपला वाटा आधी घालावा लागतो.

तरी महाराष्ट्राचा कायदा जसाच्या तसा उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2012 मध्ये तिथे अनुदान वाढले आणि त्यानंतर थेट 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली. मधली दहा वर्षे ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत होते. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साडेबाराशे! एवढ्या पैशांत रोज संध्याकाळी वाचनालय उघडून बसणाऱ्या माणसांनी ही चळवळ जगवली, आणि शासनाने त्यांना दशकभर थांबवून ठेवले. कायद्यात राज्य ग्रंथालय परिषद आहे, पण तिचे काम सल्ला देण्यापुरते. सल्ला मानला नाही तर कारण सांगण्याचे बंधन शासनावर नाही. अशा परिषदेला वजन कुठून येणार?

अनुदान दिले की कागदावरची वाचनालये उगवतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. 2012 साली महाराष्ट्रात महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा अनेक ग्रंथालयांत त्रुटी सापडल्या. पण तो दोष अनुदानाचा नव्हे. वर्षानुवर्षे कोणी जाऊन पाहिले नाही, त्याचा तो परिणाम. गावातल्या वाचकाला आपले वाचनालय उघडे असते की कुलूपबंद, हे महसूल खात्याच्या आधी ठाऊक असते. त्यालाच देखरेखीत जागा द्यायला हवी. केरळने 1989 च्या कायद्यात हे केले आहे. तिथे ग्रंथालयांतून निवडून आलेले प्रतिनिधी तालुका, जिल्हा आणि राज्य परिषदेवर बसतात आणि मालमत्ता करावरचा पाच टक्के ग्रंथालय उपकर या कामी येतो.

मध्य प्रदेशचा कायदा या दोन्ही अनुभवांवर उभा राहावा. परिषदेची मुदत संपण्याआधी नवी परिषद बसलीच पाहिजे आणि तिच्या प्रत्येक शिफारशीला शासनाने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. अनुदानाचा फेरविचार दर तीन वर्षांनी व्हावा. जिल्हा समितीत ग्रंथपालांबरोबर साधे वाचकही असावेत. आणि बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात पुस्तकखरेदीचा काही हिस्सा मराठी पुस्तकांसाठी राखून ठेवावा. इथल्या मराठी घरांतली मुले हिंदी शाळांत शिकतात. घराबाहेर त्यांच्या हाती मराठी पुस्तक पडण्याची जागा वाचनालयाखेरीज दुसरी नाही.

जिल्ह्यातून सहा आमदार विधानसभेत जातात. सरकार विधेयक आणत नसेल तर त्यांच्यापैकी एकाने अशासकीय विधेयक मांडावे. आपल्या वाचकांनीही ही मागणी आपापल्या आमदाराकडे लेखी करावी आणि त्याची पोच घ्यावी.

आपला,
एक वाचक, बालाघाट (मध्य प्रदेश)