२,५६८ सीसी की २.८ लिटर? जीटी-आर मालकांपुढचा पेच

२५ वर्षांच्या नियमामुळे १९९९ची निस्सान आर३४ जीटी-आर २०२४ पासून अमेरिकेत आयात करता येते. पण इतकं जुनं इंजिन खोललं की प्रश्न येतोच: मूळ २,५६८ सीसीच ठेवायचं की २.८ लिटर करायचं?

मुळात हा विचित्र आकडा शर्यतीतून आलाय. ग्रुप ए नियमांत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ने गुणायचे, ती ४.५ लिटरच्या आत बसवायची होती. रस्त्यावर त्याचं काय काम?

२.८साठी सहसा बोअर ८६वरून ८७ मिमी, स्ट्रोक ७३.७वरून ७७.७ मिमी होतो. टर्बो लवकर जागा होतो. पण त्याच आरपीएमला पिस्टनचा वेग ५ टक्क्यांनी वाढतो, सिलिंडरची भिंत अर्धा मिमी झिजते. रस्त्यावर चालवायची असेल तर २.८च बरं. ब्लॉक आधीच बोअर केलेला असेल, तर मात्र पार्ट मागवण्याआधी भिंतीची जाडी मोजून घ्या.