साडेअकरा मिनिटांचे मृगजळ

नकाशावर पट्टी ठेवून बोलणाऱ्यांचे सीमाभागात उदंड पीक आले आहे. बेळगावचा सांबरा विमानतळ आणि कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ यांत सरळ रेषेत अंतर सुमारे ९६ किलोमीटर. लहान पल्ल्याचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार केला की उत्तर येते साडेअकरा मिनिटे! मग काय, या दोन गावांमध्ये विमान मागायला आपण मोकळे.

हा हिशोब शाळकरी पोराचा आहे. विमान म्हणजे गोफणीतला दगड नव्हे. त्याला धावपट्टीच्या टोकापर्यंत सरकत जावे लागते, चढावे लागते आणि पुरता वेग धरतो न धरतो तोच उतरणीला लागावे लागते. त्यातच अर्धा तास जातो. त्याआधी तासभर तपासणीला हजर राहायचे. शिवाय दोन्ही विमानतळ गावाबाहेर. जाण्यायेण्याचा वेळ आणि रिक्षाचे भाडे वेगळेच. सगळी बेरीज अडीच तासांच्या घरात जाते. निपाणीवरून ११० किलोमीटर धावणारी एसटी याच्या फार मागे राहत नाही, आणि वाटेत संकेश्वरच्या आजीला संकेश्वरातच उतरवते.

आमचे विमानाशी वैर नाही. दिल्ली, मुंबई, हैदराबाद गाठायला ते हवेच. पण शेजारच्या घरी जायला कोणी आगगाडीचे तिकीट काढते काय?

खरे दुखणे निराळे आहे. उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालची, राजाराम महाराजांच्या काळातली. सांबऱ्याची १९४२ ची, महायुद्धातली. या दोहोंच्या मध्ये राज्याची सीमा आली ती १९५६ साली. तेव्हापासून हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ उरलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला आणि महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. कागलला दिलेली लेक माहेरी यायची खोळंबते, कोल्हापूरच्या दवाखान्यात तारीख मिळालेला रोगी फलाटावर बसून राहतो, विद्यार्थ्याची परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाही. रेल्वेने जावे तर मिरजेचा वळसा चुकत नाही. अशा दिवशी ती साडेअकरा मिनिटे कोणाच्या कामी येणार? त्या विमानाचे तिकीट या तिघांपैकी कोणाला परवडणार?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दारात मत मागायला कोणी आले की विमानाचे बोलणे तिथेच थांबवा. दोनच गोष्टी विचारा. वाद कितीही पेटला तरी दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अडणार नाहीत, असा लेखी करार कधी करणार? आणि मिरजेचा वळसा टाळणारा बेळगाव-कोल्हापूर थेट लोहमार्ग कधी होणार? उत्तर तारखेसकट मागा. ‘प्रयत्न चालू आहेत’ हे उत्तर आपण फार वर्षे ऐकले आहे.