पाळीवरची नजर

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे वाक्य शाळेत पाठ होते आणि तेथेच राहते. साकोली-लाखांदूर भागात कोहळी समाजाने बांधलेल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर पावसाळा सरताना उभे राहावे. कमळाची पाने, शिंगाड्याचे वेल, कंबरभर पाण्यात उतरलेले ढिवर दिसतात. पाहुणा याला रम्य म्हणतो आणि निघून जातो. ढिवरांचे पाहणे निराळे. पाणी कोठे गढुळले, कोणती वनस्पती यंदा उगवलीच नाही, पाखरे कोणत्या कडेला उतरतात, हे ते रोज टिपतात. त्यांचे जाळे त्यावरच अवलंबून असते. सौंदर्यदृष्टी ही फुरसतवाल्या वर्गाची मिरास आहे, हा समज येथे टिकत नाही.

१९५१ साली मालगुजारी संपली, हे योग्यच झाले. मालगुजारांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी त्यांची वेठबिगारही आठवावी. परंतु मालगुजाराच्या हातून सुटलेला तलाव गावाकडे आला नाही, कचेरीकडे गेला. दप्तरात तलाव म्हणजे सिंचनक्षमतेचा आकडा. आकड्याला साचलेला गाळ दिसत नाही, काठावर माजलेली बेशरम दिसत नाही. रोज पाहणारा डोळा आणि निर्णय घेणारा हात यांची अशी फारकत झाली, आणि कितीतरी तलाव उथळ होत गेले. गाळ उपसण्याची मागणी घेऊन कचेरीवर मोर्चा नेण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी पहिली बैठक ढिवरांसोबत, पाळीवरच घ्यावी.