संमती ही औपचारिकता नव्हे!

क्ष-किरण चित्रे, रक्ततपासणीचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत सांभाळायच्या, नव्या डॉक्टरांसमोर ती रिकामी करायची आणि नेमका हवा तो कागद सापडला नाही, तर तीच तपासणी पुन्हा पैसे मोजून करायची, हा आपल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. तो मोडण्याच्या दिशेने १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रयोगानंतर २७ सप्टेंबर २०२१ पासून हे अभियान ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर सुरू झाले.

त्याची रचना समजून घेतली पाहिजे. नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. परंतु त्याचे अहवाल कोणत्याही एका मध्यवर्ती कोठारात साठवले जात नाहीत. ज्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत ते तयार झाले, तेथेच राहतात. एका संगणकप्रणालीने ठरावीक पद्धतीने माहिती मागावी व दुसरीने ती द्यावी, यासाठीच्या दुव्यांना ‘एपीआय’ म्हणतात. यूपीआयमुळे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत क्षणात पैसे जातात, तेही अशाच दुव्यांवरून. आरोग्याच्या या व्यवस्थेत मात्र प्रत्येक दुव्यावर रुग्णाच्या संमतीचा पहारा आहे. कोणता अहवाल, कोणाला, कशासाठी आणि किती काळ दाखवायचा, हे रुग्णाने ठरवायचे. दिलेली संमती त्याला मागेही घेता येते.

योजनेमागचा विचार निःसंशय स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो आचाराचा. २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवणाऱ्या अनेकांचे आरोग्य क्रमांक त्यांच्या नकळत तयार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातील या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कारभार हाकावा लागला. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. पण नोंदणीच्या खिडकीवरून ‘ओटीपी सांगा’ असे म्हणताच, कशासाठी हे न विचारता तो सांगून मोकळे होणाऱ्या समाजाला कायदा कितपत वाचवणार?

बँकेतून गेलेला पैसा कदाचित परत मिळेल. उघड झालेला आजार पुन्हा झाकता येत नाही. मुलीचा विवाह, तरुणाची नोकरी, वृद्धाचा विमा या साऱ्यांवर त्याची छाया पडू शकते. म्हणून रुग्णालयांनी संमतीचा मजकूर रुग्णाला कळेल अशा मराठीत द्यावा, त्यासाठी दोन मिनिटे खर्च करावीत. ‘आभा’ ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाचेही उपचार अडता कामा नयेत. वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीही केवळ क्रमांक काढून देण्यावर समाधान मानू नये. ‘हो’ म्हणण्याइतकाच ‘नाही’ म्हणण्याचाही अधिकार आपल्याला आहे, हे ज्या दिवशी वस्तीतल्या आजीबाईंना उमगेल, त्या दिवशी ही योजना खऱ्या अर्थाने लोकांची होईल.